काठवटीचे तीन ठोके

"म्हणजे मगर मारायची नाही, असंच ना तुमचं म्हणणं?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"मग मारू?"

"तसंही म्हटलं नाही..."

हिंदुराव ओसरीच्या पायरीवर, आप्पांसमोर बसला होता. बसला कसला, टेकला होता. मांडीवर चुलत्याचा डुक्कर मारायचा भाला आडवा, डोळे लालभडक. चार दिवस तो नीट झोपला नव्हता. आप्पांनी, म्हणजे आमच्या मठाच्या महाराजांनी, चार दिवस अन्नाला हात लावला नव्हता. आणि मी बायजाक्का, ह्या मठाची चूल एकवीस वर्षं सांभाळणारी, चार दिवस रांधत होते आणि त्यांचं ताट तसंच्या तसं गाईपुढं ठेवत होते. तिघंही दमलो होतो बघा.

आधी काय झालं ते सांगते, नाहीतर म्हणाल ही म्हातारी मधनंच सुरू झाली.

आमचा मठ कृष्णेच्या काठाला. मागच्या दारानं उतरलं की घाट. घट बसायच्या आधी गावातल्या बायका घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण तिथं धुवायला आणतात. मालनही आली होती. मालन म्हणजे हिंदुरावची थोरली वहिनी. त्याची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. हिनंच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, कान धरून शाळेत नेलं. तो तिला वहिनी म्हणायचा, पण हाक मारताना आवाज आईला मारल्यासारखा निघायचा.

बाकीच्या बायका धुणं आटपून वर काठावर गोधड्या पसरत होत्या. मालनची एक राहिली होती. हिंदुरावचीच, सगळ्यात जड. ती बडवत असताना मगरीनं तिला ओढून नेलं. बायकांनी ओरडा ऐकून मागं बघितलं, तेव्हा मगर वळत होती आणि पायरीवर ओली गोधडी आणि कपडे बडवायचं धोपाटणं तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर मालन सापडली. कशी सापडली ते मी सांगणार नाही.

आता हिंदुराव मगर मारायला निघाला होता, आणि अडला होता गळ्यातल्या माळेपाशी. तुळशीची माळ, बारा वर्षांपूर्वी आप्पांनीच घातलेली. माळ घातलेल्या माणसानं जीव मारायचा नाही. मारायचाच असेल तर आधी माळ उतरवायची, आणि आमच्याकडं ज्यानं घातली त्यानंच ती उतरवायची असते. दारू प्यायला जाताना खुंटीला अडकवून जाणारे आहेत की गावात! हिंदुराव त्यातला नव्हता. त्याला आपल्या माळेचा अभिमान होता. जरा जास्तच होता, खरं सांगायचं तर.

"दुसरं काही मागत नाही, आप्पा. माळ काढा."

पायावर चढणारी मुंगी आप्पांनी बोटानं खाली सोडली.

"पाटलाच्या मळ्यातली चार माणसं वळणावर थांबलीत. विहिरीला लावायची सुरुंगाची दारू आणलीय त्यांनी. मी गेलो की लावतील. मी म्हटलं, आधी आप्पांकडं जाऊन येतो. हसले मला."

"वनखात्याची माणसं येऊन गेली ना?"

"आली. पिंजरा लावतो म्हणाली. धरून लांब सोडतो म्हणाली." हिंदुराव थुंकायला वळला आणि मठ आहे म्हणून गिळून बसला. "लांब म्हणजे कुठं हो? तिथं माणसं नाहीत? तिथं कुणाची वहिनी नदीवर येत नाही?"

"येते की."

"मग? माणसाला चटावलेलं जनावर ते. उद्या एखादं पोर गेलं म्हणजे? तुम्ही जाणार त्याच्या आईपुढं? आम्ही दया केली बाई, असं सांगायला?"

"नाही रे. मला नाही जमायचं ते."

"मग माझं चुकतंय कुठं?"

"कुठंच नाही..."

भांडायला आलेल्या माणसाला समोरचा नुसता हो हो म्हणायला लागला, की तो जास्त पेटतो. हिंदुरावची मान ताठ झाली.

"तुम्ही पोथी सांगा. सांगा की, सगळे जीव सारखे म्हणून! बारा वर्षं ऐकलंय मी. आज का गप?"

"पोथी वाचवत नाही आता. अक्षरं हलतात."

मला त्या क्षणी आप्पांचा असा राग आला. माणूस रक्ताचं पाणी करून विचारतोय, आणि ह्यांचं आपलं तुटक तुटक. एक धड शब्द द्यावा की! मार म्हणावं, नाहीतर मारू नको म्हणावं. पण चार दिवसांत ते असे वाळले होते, की बोलायचंही माझ्या जिवावर आलं.

हिंदुरावचा आवाज खाली आला. "आप्पा, मी काय कमी केलं हो? बारा वर्षं. एक दिवस खाडा नाही."

ते खोटं नव्हतं. मठात रोज दुपारी पंगत असते. पंगत उठली की उरलेला भात मी जुन्या बाभळीच्या काठवटीत काढायचा, आणि हिंदुरावनं ती काठवट घेऊन घाटावर जायचं. शेवटच्या कोरड्या पायरीवरनं माशांना भात सोडायचा. बुडाला चिकटलेली शितं पडावीत म्हणून काठवट पालथी करून पायरीच्या कडेवर आपटायची, तीनदा. ही त्याची सेवा, आप्पांनीच नेमून दिलेली. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी गडी हळदीच्या अंगानं काठवट घ्यायला आला होता. मालननंच त्याला पाठवला होता. सेवा चुकवू नको म्हणाली.

पुढं पुढं मासे भाताला यायचे थांबले आणि ठोक्यालाच यायला लागले. ठोका पडला की पाणी नुसतं खवळायचं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाव्हणे आले की आप्पा त्यांना मुद्दाम घाटावर न्यायचे. "बघा," म्हणायचे, "हाक कळते त्यांना."

मालन गेली त्या दुपारी मी वाढपाच्या गडबडीत होते. मागनं ऐकू आलं, धप... धप... धप. म्हटलं, अजून पंगत उठायची आहे आणि ह्या हिंदुरावनं काय चालवलंय? काठवट कुठं आहे ते बघायला मी काही उठले नाही. हातात आमटीचं भांडं होतं. संध्याकाळी आप्पांना हे सांगितलं, रडता रडता, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून. आप्पांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. त्यानंतर ते जेवले नाहीत. मला वाटलं, मालनच्या दुःखानं.

"नदीत मगरी किती आहेत रे?" आप्पांनी एकदम विचारलं.

"पुलापासनं वळणापर्यंत सात-आठ असतील."

"त्यातली कुठली मारणार?"

"घोळात घेऊ नका मला."

"विचारतोय. दारू लावली की सात-आठ सगळ्या जातील. मासेही जातील."

हिंदुरावनं ह्याचा विचार केला नव्हता असं नाही. केला होता, म्हणून तर तो वळणावर न जाता इथं आला होता.

"दारू नाही लावू देणार," तो म्हणाला. "भाल्यानं मारीन. जिनं वहिनीला नेलं तिलाच. नीट बघून मारीन, आप्पा. दुसऱ्या जिवाला धक्का लागला तर नाव सांगणार नाही तुमचं."

"नीट बघून?"

"नीट बघून. शब्द देतो."

"ओळखशील तिला?"

"बायकांनी सांगितलंय. नाकाडावर पांढरा चट्टा आहे."

आप्पांनी डोळे मिटले.

"आहे," ते म्हणाले.

हिंदुराव आपल्याच नादात होता, त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. तुम्ही कुठं बघितला चट्टा, असं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पा भिंतीचा आधार घेऊन उठले.

"बायजाक्का, काठवटीत भात घाल."

"आता? घाटावर चार दिवस कुत्रं फिरकलं नाही. भीती बसलीय लोकांना, आणि तुम्हाला माशांचं सुचतंय?"

"घाल गं..."

त्या 'गं'मध्ये एवढा थकवा होता की मी मुकाट्यानं भात घातला. सकाळचाच होता, निवलेला.

घाट उतरताना हिंदुरावनं एका हातानं आप्पांचं कोपर धरलं, दुसऱ्या हातात भाला. काठवट मी घेतली होती. ऊन चांगलं वर आलं होतं. पाणी अजून गढूळ, पावसाळ्याचं, खालनं चौथ्या पायरीला लागलेलं. सहावीवर मालन बडवत होती ती गोधडी कुणीतरी घडी करून ठेवली होती. चार दिवस ती कुणी उचलली नव्हती.

हिंदुरावनं गोधडीकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

"इथं काय आहे आप्पा? चार दिवस मी वळणावर बसून आहे. डोकं वर काढत नाही ती."

"तुला मगर दाखवतो."

"इथं?"

"बायजाक्का, दे त्याच्याकडं." मी काठवट दिली. आप्पा म्हणाले, "सोड भात. रोजच्यासारखा."

"माझी थट्टा करता काय?"

"तुला ती हवी आहे ना?"

हिंदुरावनं भाला पायरीवर ठेवला. भात सोडला. चार दिवसांत त्याचे हात सेवा विसरले नव्हते. काठवट पालथी झाली आणि पायरीच्या कडेवर बसली.

धप... धप... धप.

मी वरच्या पायरीवर उभी होते. चार दिवसांपूर्वी आमटीचं भांडं हातात धरून ऐकलेला आवाज, तोच. देवा रे, मी तर माणूस, बारा वर्षं ही काठवट ऐकणारी. मलाही धोपाटणं वेगळं ओळखता आलं नव्हतं.

मासे आले. पाणी खवळलं. हिंदुराव सवयीनं मागं फिरणार होता, रोज फिरायचा तसा. ठोके झाले की त्यानं कधी वळून बघितलंच नव्हतं. सेवा झाली की त्याला शेताची घाई असायची.

आप्पांनी त्याच्या दंडाला धरलं.

"आज थांब."

मग ती आली.

मला वाटलं होतं उसळी मारून येईल. तशी नाही आली. संध्याकाळी गोठ्याकडं म्हैस परतते ना, तशी आली. आधी डोळे, मग नाकाड. पाण्यावर रेघसुद्धा उमटली नाही. चौथ्या पायरीपासनं हातभर अंतरावर थांबली. मासे तिच्या तोंडापुढं भातावर तुटून पडले होते. नाकाडावर पांढरा चट्टा, तळहाताएवढा.

हिंदुरावनं आधी आप्पांना मागं ओढलं. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून सांगते. आधी आप्पांना मागं ओढलं, आणि मग भाला उचलला.

भाला पोचत होता. डोळ्यातच बसला असता.

तो तसाच राहिला.

"आप्पा..."

"हं."

"ही... ठोक्याला आली?"

"हो."

"रोज येते?"

"दोन वर्षं झाली. तू पाठ फिरवलीस की येते. भाताला मासे येतात, माशांना ती."

"आणि वहिनी..."

"गोधडी बडवत होती."

हिंदुरावच्या भाल्याचं टोक हळूहळू खाली यायला लागलं. मला त्याच्याकडं बघवेना. मी म्हटलं, "हिंदुराव, बाबा, मलाही तुझाच ठोका वाटला रे त्या दिवशी..." म्हटलं आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. त्याच्या काळजावर आणखी एक धोंडा ठेवला मी.

"बारा वर्षं," तो म्हणाला. "माझ्या हातानं..."

"हात तुझा," आप्पा म्हणाले. "सेवा मी नेमली."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"मगर येते हे ठाऊक होतं. गोधडीचा आवाज तसाच असतो, हे बायजाक्का बोलली तेव्हा कळलं."

"दोन वर्षं ठाऊक होतं! ह्या घाटावर बायका येतात, पोरं पोहतात! का बोलला नाहीत?"

आप्पा पायरीवर बसले. उभं राहवत नव्हतं त्यांना.

"बोललो असतो तर तुम्ही तिला मारली असती. मी स्वतःला असंच सांगायचो."

"आणि खरं?"

"खरं..." आप्पांनी पाण्याकडं बघितलं. मगर तिथंच होती. "बरं वाटायचं रे. मागच्या दारातनं मी एकटा बघायचो. वाटायचं, आपल्या मठाच्या अन्नाला मगरसुद्धा येते, शांत बसते, कुणाला काही करत नाही. किती मोठे झालो आपण. कुणाला सांगितलं असतं तर ते संपलं असतं."

मी एकवीस वर्षं ह्या माणसाच्या पाया पडत आले. त्या दिवशी मला त्याचा राग आला, कीव आली, आणि का कोण जाणे, पहिल्यांदाच त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. मी बसले नाही. मला मालन दिसत होती.

हिंदुरावचा भाला पुन्हा वर आला. पण आता तो पाण्याकडं आहे की पायरीवर बसलेल्या आप्पांकडं, ते त्याचं त्यालाही कळत नसावं. टोक एकदा तिकडं व्हायचं, एकदा इकडं.

"माळ काढा," तो ओरडला. "आधी माझी माळ काढा!"

"ये. वाक."

तो वाकला. रागानं वेडापिसा झालेला माणूस, पण वाकला. आप्पांनी त्याच्या मानेमागची गाठ धरली. बारा वर्षांच्या घामानं गाठ दगड झाली होती, सुटेना. शेवटी त्यांनी दातानं दोरा तोडला. चार मणी घरंगळत पाण्यात गेले. मासे भात समजून त्यांच्यावर धावले आणि परत फिरले.

मग आप्पांनी स्वतःच्या गळ्यातली माळ काढली. ती त्यांच्या गुरूंच्या हातची, आणि गुरू तर कधीच गेलेले. एकवीस वर्षांत ती निघालेली मी बघितली नव्हती, पन्नास वर्षांत कुणीच बघितली नव्हती. दोन्ही माळा त्यांनी रिकाम्या काठवटीत ठेवल्या आणि काठवट माझ्याकडं सरकवली.

"आप्पा, काय करताय हे?" मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

ते उठले, मालनची गोधडी ओलांडून खाली उतरले, आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर पाण्याकडं पाठ करून बसले. मगर त्यांच्या मागं, दोन हातांवर. तिनं डोळे मिटले आणि उघडले. आप्पांनी मागं बघितलं नाही. ते हिंदुरावकडं बघत होते.

"आता नीट बघून मार, हिंदुराव. आम्ही दोघंही समोर आहोत."